नमाज सुटते, जेवण पोचतं: भाईजानचं ऐकू की मैत्रिणीचं?

पत्र: मी कोंढव्यात राहते, वय 44. आम्ही सात-आठ जणी आठवड्यातून तीन दिवस ससूनमधल्या रुग्णांच्या नातेवाइकांना रात्री आठ वाजता जेवण नेतो. रोजे मी सगळे धरते, पण नमाज बरीच वर्षं नियमित नाही. मोठे भाईजान हाजी आहेत, पाचही वक्त मशिदीत असतात. ते म्हणतात, ‘नमाज नाही तर तुझी सगळी खिदमत (सेवा) राख.’ दर गुरुवारी दर्ग्यावर जाणारी मैत्रीण म्हणते, ‘खिदमत हीच खरी नमाज, बाकी सगळा दिखावा.’ आमच्यात एक हिंदू शेजारीण आहे, सगळ्यांत जास्त तीच राबते. ‘तिला वर काही मिळायचं नाही,’ हेही भाईजानच ऐकवतात. दोन वर्षांपूर्वी अब्बा गेले. आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी. अम्मी भाईजानकडे असतात. घर भावांच्या नावावर करायला आम्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करावी म्हणून भाईजान मागे लागलेत. आता मी नमाज सुरू केली तर लोक म्हणतील, हिस्सा मागायचाय म्हणून दीनदार झाली. मी काय समजू आणि काय करू?

उत्तर:

ताई, आधी राखेचं बघू, कारण तुम्हाला लागलंय ते तेच.

राखेची उपमा कुरआनातली आहे, सूरा (अध्याय) इब्राहीमची 18 वी आयत (वचन). वादळी दिवशी सुटलेला वारा राख उडवून नेतो, तशी त्यांची कर्मं. पण ‘त्यांची’ म्हणजे कोणाची, हे आयतीच्या सुरुवातीलाच आहे: ज्यांनी आपल्या रबला नाकारलं त्यांची. अल्लाहला मानणारी, तीस रोजे धरणारी आणि नमाजेत आळस करणारी बाई तिथे अभिप्रेत नाही. आळसाने नमाज सोडणारा मोठा गुन्हेगार आहे पण ईमानाबाहेर (श्रद्धेबाहेर) गेलेला नाही, असं इमाम अबू हनीफा, इमाम मालिक आणि इमाम शाफई या तिघांच्याही फिक्हमध्ये (धर्मशास्त्रात) आहे. इमाम अहमद बिन हंबल यांच्या एका मतात मात्र तो बाहेर जातो. भाईजान हनफी, म्हणजे अबू हनीफांना मानणाऱ्यांच्या, मशिदीत नमाज पढत असतील, तर त्यांनी आपल्याच इमामाला डावलून हे तुम्हाला ऐकवलंय.

हा वाद तुमच्या घरात सुरू झालेला नाही. 657 साली सिफ्फीनच्या लढाईत चौथे खलिफा हजरत अलींनी लवाद मान्य केला, म्हणून त्यांच्याच फौजेतला एक गट फुटला. ते खारिजी. अमल (आचरण) बिघडला की ईमान गेलं, मोठा गुन्हा करणारा काफिर, असं त्यांचं म्हणणं. नमाजी म्हणून ते प्रसिद्ध होते, आणि त्यांच्यातल्याच एकाने 661 साली हजरत अलींवर वार केला, त्यात ते गेले. उलट टोकाला मुर्जिआ: त्यांच्यातले अतिरेकी म्हणत, मनात ईमान असलं की गुन्ह्याने काही बिघडत नाही. बसऱ्यात हसन बसरींच्या बैठकीतून बाहेर पडलेल्या वासिल बिन अता यांनी तिसरंच काढलं, की असा माणूस ना मोमिन (श्रद्धावान) ना काफिर, दोहोंच्या मधला. त्यांच्या विचारातून मुअतजिला पंथ उभा राहिला.

अबू हनीफांनी (मृत्यू 767) ईमान आणि अमल वेगळे ठेवले. मनाने खरं मानणं आणि जिभेने कबूल करणं हे ईमान. अमल फर्ज (बंधनकारक) आहे, पण त्या व्याख्येत येत नाही. मालिक, शाफई आणि अहमद यांनी अमलाला ईमानातच धरलं: नेकीने ते वाढतं, गुन्ह्याने घटतं. कागदावर हा फरक मोठा दिसतो. तुमच्यापुरता हिशेब दोन्हीकडे एकच निघतो: तुम्ही मुसलमान आहात आणि तुमच्याकडे नमाजांची बाकी आहे.

आता मैत्रीण. ती बोलते त्याला आधार आहे आणि तो भक्कम आहे. दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलियांची (मृत्यू 1325) संभाषणं त्यांचे मुरीद (शिष्य) अमीर हसन सिज्जी यांनी ‘फवाइदुल फुआद’मध्ये टिपून ठेवली. हे हसन पुढे दौलताबादेत आले, त्यांची कबर आपल्या वेरूळजवळच्या खुलताबादेत आहे. त्या संभाषणांत औलिया ताअतीचे, म्हणजे आज्ञापालनाचे, दोन प्रकार सांगतात. लाजमी: नमाज, रोजा, हज, जिक्र (नामस्मरण), त्याचा फायदा करणाऱ्यालाच. मुतअद्दी: दुसऱ्यावर खर्च करणं, त्याला आराम पोचवणं, दया करणं; त्याचा फायदा दुसऱ्याला, आणि सवाब (पुण्य) कितीतरी जास्त. पुढचं वाक्य आणखी धाडसी आहे. लाजमी ताअत कबूल व्हायला इख्लास, म्हणजे निखळ नियत लागते. मुतअद्दी कशीही केली तरी तिचा सवाब आहे.

मैत्रीण इथेच थांबते. हे बोलणारे औलिया स्वतः जवळजवळ वर्षभर रोजे धरत, त्यांची नमाज कधी सुटत नसे. सहरीला, म्हणजे रोज्याआधी पहाटे जेवताना, त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही, कारण मशिदींच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या ओट्यांवर उपाशी झोपलेली माणसं त्यांना आठवायची. त्यांच्या खानकाहात (मठात) लंगर होता आणि जमातही, म्हणजे एकत्र नमाजही, होती. मुतअद्दी मोठी म्हणजे लाजमी माफ, असा अर्थ त्यांच्या बोलण्यातून काढायचा तर त्यांच्या आयुष्याकडे डोळेझाक करावी लागते. जुनैद बगदादींसमोर (मृत्यू 910) कोणी म्हणालं की मारिफतवाले (ईश्वरज्ञान झालेले) अशा मुकामाला पोचतात जिथे अमल गळून पडतात. जुनैद म्हणाले, असं म्हणणाऱ्यापेक्षा चोरी आणि जिना (व्यभिचार) करणारा बरा. सूफींच्या तोंडचं इतकं कडक वाक्य दर्ग्यावरच्या गप्पांत सहसा ऐकू येत नाही.

एक खटका मात्र राहतो आणि तो लपवू नये. मुतअद्दी कशीही केली तरी चालते, असं औलिया म्हणतात. आणि सहीह मुस्लिम या संग्रहातल्या हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनात) कयामतीला सर्वांत आधी ज्या तिघांचा निकाल लागतो, त्यांत एक दानशूर आहे. लोकांनी दाता म्हणावं म्हणून त्याने दिलं, लोकांनी तसं म्हटलं, हिशेब तिथेच संपला, आणि तो आगीत. दोन्ही कसं खरं? माझ्या मते औलियांचं वाक्य अजून सुरुवात न केलेल्यासाठी आहे: मन साफ होण्याची वाट बघू नका, भुकेल्याला आज वाढा. हदीस आहे ती ज्याचं नाव होऊ लागलंय त्याच्यासाठी. तुमचा गट कितवं वर्ष चालतोय ते पत्रात नाही, पण जेवणाचे फोटो स्टेटसला जात असतील तर दुसरी गोष्ट तुम्हाला लागू व्हायला लागलीय. सूरा बकराच्या 271 व्या आयतीत उघड सदकाही (दानही) चांगला म्हटलाय, गुपचूप त्याहून चांगला. वर्गणी मिळावी म्हणून भांड्यांचा, डब्यांचा फोटो टाकायला हरकत नाही. घेणाऱ्याचा चेहरा त्यात नको, कारण त्याच सुरेची 264 वी आयत उपकार बोलून दाखवून आणि दुखावून सदका बाद करू नका असं बजावते.

‘लोक काय म्हणतील’ याला सूफींकडे 1200 वर्षांपूर्वीचं उत्तर आहे. फुजैल बिन इयाज (मृत्यू 803) म्हणत, लोकांसाठी अमल करणं हा शिर्क (अल्लाहला भागीदार जोडणं), आणि लोकांसाठी अमल सोडणं ही रिया (दिखावा). गजालींनी (मृत्यू 1111) हे नीट उलगडून सांगितलंय: दिखाव्याची भीती वाटली म्हणून नमाज टाळली, तर सैतानाचं काम झालंच, कारण त्याला मुळात नमाजच सोडवायची होती. तेव्हा लोक म्हणोत. घरात पढा, सांगू नका, विचारलं तर नाकारूही नका.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते, कारण खिदमत आणि नमाज यांची खरी टक्कर तुमच्या वेळापत्रकात फारशी नाहीच. पुण्यात सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास होतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास. तुमचं वाटप आठला. म्हणजे मगरिब, सूर्यास्तानंतरची नमाज, बाराही महिने वाटपाआधी होते. तिला वक्त जेमतेम सव्वा ते दीड तास, पण फर्ज तीनच रकात (आवर्तनं), पाच मिनिटांचं काम. डबे रिक्षात चढवायच्या आधी पढून घ्या, कारण आवारात पोचल्यावर ती हमखास राहते. इशाचा (रात्रीच्या नमाजेचा) वक्त हनफींकडे फज्रपर्यंत (पहाटेपर्यंत) असतो, मध्यरात्रीनंतर ढकलणं मकरूह (नापसंत). साडेदहाला घरी येऊन पढलीत तरी वक्तात आहे. राहिली असर, तिसऱ्या प्रहराची नमाज, जी स्वयंपाकाच्या गर्दीत सापडते. तिच्यासाठी गॅस बारीक करून एकीने भांड्यापाशी उभं राहायचं, दुसरीने पढून यायचं. शेजारीण हे खुशीने करेल.

तेला-हळदीचे डाग पडलेले कपडे नापाक नसतात. कपडे बदलायचेत म्हणून नमाज टळते, हे बायकांचं नेहमीचं होतं. वुजू, म्हणजे नमाजेआधीचं हात-तोंड-पाय धुणं, मात्र कणकेमुळे बिघडतो. नखांवर, बोटांच्या पेरांत वाळलेली कणीक राहिली तर पाणी कातडीला पोचत नाही आणि वुजू होत नाही. आधी कोमट पाण्याने ती काढा. इस्पितळात रक्त लागलं असेल तर तेवढा भाग धुवावा लागतो.

सुटलेल्या नमाजांची कजा (भरपाई) करायची. वयात आल्यापासून किती वर्षं नमाज नव्हती याचा अंदाज काढा, जास्तीकडे झुकता. पाळीचे दिवस वजा करा. त्या दिवसांची नमाज माफ आहे, कजाही नाही (रोज्यांची असते, हे बहुतेकींना माहीत असतं). हनफी असाल तर एका दिवसाची कजा 20 रकात: पाच फर्जांच्या 17 आणि इशानंतरच्या वित्र नमाजेच्या 3. घर कोकणी असेल तर बहुधा शाफई असाल, त्यांच्याकडे वित्र सुन्नत (बंधनकारक नसलेली) आहे, म्हणून 17. सुन्नत-नफ्लची (ऐच्छिक नमाजांची) कजा धरू नका. प्रत्येक फर्जाबरोबर त्याच वक्ताची एक जुनी कजा, नियत अशी: ‘माझ्यावर बाकी असलेली पहिली फज्र’, पुढे ‘पहिली जोहर’. जितकी वर्षं सुटली साधारण तितक्या वर्षांत फिटतं, दोन-दोन केल्या तर निम्म्यात. हनफी असाल तर सूर्य उगवताना, डोक्यावर असताना आणि मावळताना कजा पढू नये. वहीत रोज एक रेघ ओढा, नाहीतर सहा महिन्यांनी कुठवर आलो ते कळत नाही.

गडबड कुठे होते तेही सांगतो. रमजानच्या पहिल्या तारखेला माणूस पाच फर्ज, सगळ्या सुन्नत, तरावीह, तहज्जुद या रात्रीच्या जादा नमाजा आणि वर कजा असं एकदम उचलतो आणि ईदच्या तिसऱ्या दिवशी फज्रही जाते. बुखारी-मुस्लिम या हदीससंग्रहांत आहे, अल्लाहला सर्वांत आवडणारा अमल तो जो सतत होतो, थोडा का असेना. आधी फक्त पाच फर्ज आणि वित्र, चाळीस दिवस. मग सुन्नत, मग कजा. कोणाला हा क्रम सैल वाटेल. मला तो टिकणारा वाटतो.

तुमच्या जेवणाच्या पैशांबद्दल न विचारलेलं एक. कोणी जकात (ऐपतदारावर फर्ज असलेलं दान) दिली तर ती या भांड्यात मिसळू नका. हनफींकडे जकात हकदाराच्या मालकीची करून द्यावी लागते. पंगतीला बसवून वाढलं तर मालकी होत नाही. बंद डबा गरजू मुसलमानाच्या हातात दिला तर होते. तुमच्या रांगेत सगळ्या धर्मांचे आणि कमीजास्त ऐपतीचे लोक असतात, तिथे कोण हकदार हे विचारत बसणं शोभतही नाही. जकातीची वेगळी पिशवी ठेवा, त्यातून कोणाची औषधं आणून हातात द्या. जेवणाला सदका आणि लिल्लाहचे (अल्लाहच्या नावाने खुशीने दिलेले) पैसे वापरा, ते कोणालाही चालतात: सूरा दहरमध्ये अल्लाहच्या प्रेमापोटी गरीब, यतीम (अनाथ) आणि कैद्याला जेवू घालणाऱ्यांची तारीफ आहे, आणि त्या काळचे कैदी बहुतेक मुसलमान नव्हते. बँकेचं व्याज मात्र सवाबाच्या नियतीने कुठेच देऊ नये. ते घराबाहेर काढायचं म्हणून गरिबाला द्यायचं, असंच हिंदुस्थानातले बहुतेक मुफ्ती सांगतात.

शेजारणीबद्दल. इथे मतं खरोखर एक नाहीत, आणि गोड बोलून तो फरक मिटवणं मला पटत नाही. पैगंबरांच्या पत्नी आयेशांनी त्यांना अब्दुल्लाह बिन जुदआनबद्दल विचारलं होतं: इस्लामपूर्वीचा माणूस, नातं जपायचा, गरिबांना जेवू घालायचा. पैगंबर म्हणाले, त्याचा त्याला उपयोग नाही, कारण त्याने एकदाही ‘रब, कयामतीला माझे गुन्हे माफ कर’ म्हटलं नाही. भाईजान बोलतात ते इथून येतं. पण हकीम बिन हिजाम यांनी इस्लामपूर्वीच्या आपल्या दानांबद्दल विचारलं, तर उत्तर मिळालं, आधी केलेल्या भल्यासकट तू इस्लाममध्ये आलास. तहानलेल्या कुत्र्याला मोज्यातून पाणी पाजणाऱ्या वेश्येला माफी मिळाली, मांजर बांधून उपाशी मारणारी बाई आगीत गेली. आणि गजालींनी गैरमुस्लिमांचे तीन गट केले: ज्यांच्यापर्यंत पैगाम पोचलाच नाही, ज्यांना तो बिघडलेल्या रूपात ऐकू आला, आणि ज्यांच्यापर्यंत तो नीट पोचूनही ज्यांनी नाकारला. पहिल्या दोघांना त्यांनी माफीत धरलं. तुमची शेजारीण कोणत्या गटात, हे ठरवायला तिच्या मनात शिरावं लागेल, आणि ती सनद ना भाईजानना आहे ना मला. तिने हे विचारलेलंही नाही. भाताच्या पातेल्यापाशी हा विषय निघू देऊ नका.

भाईजानना उत्तर द्यायचंच असेल तर ते सूरा माऊनमध्ये आहे, सात छोट्या आयती, त्यांनाही पाठ असणार. दीनला खोटं ठरवणारा कोण? जो यतीमाला ढकलून देतो, गरिबाला जेवू घालण्याचा आग्रह धरत नाही. आणि लगेच: खराबी आहे त्या नमाज्यांची जे नमाजेबद्दल बेफिकीर आहेत, दिखावा करतात, वापरायची साधी वस्तूही कोणाला देत नाहीत. पण ही सूरा आधी स्वतःसाठी वाचा, कारण ‘नमाजेबद्दल बेफिकीर’ हे तुमच्याकडेही बोट आहे. तसंच मुफलिसची हदीस: खरा दिवाळखोर तो जो नमाज, रोजे, जकात घेऊन येतो, पण कोणाला शिवी दिलेली, कोणाचा माल खाल्लेला असतो. मग त्याच्या नेक्या एकेक करून त्या लोकांना वाटल्या जातात, आणि संपल्या की त्यांचे गुन्हे याच्यावर. अल्लाहचा हक्क तोबा केल्यावर तो माफ करेल, बंद्याचा हक्क बंद्यानेच सोडावा लागतो. भाईजानच्या तोंडावर ही हदीस फेकलीत तर त्यांनी राखेची आयत फेकली तेच झालं. घराचा विषय हिशेबाने बोला.

हिशेब असा. अब्बांच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत (मृत्युपत्र) असेल तर एक तृतीयांशापर्यंत. उरलं ते सूरा निसाच्या 11-12 व्या आयतीप्रमाणे: अम्मींना आठवा हिस्सा, बाकी मुलगा दोन वाटे, मुलगी एक. घराची किंमत 48 लाख धरली तर अम्मी 6 लाख, प्रत्येक भाऊ 14 लाख, प्रत्येक बहीण 7 लाख. (दादा-दादी हयात नाहीत असं धरून.) यात नमाजेची अट कुठेच नाही: तुमची सुटली म्हणून हिस्सा कमी होत नाही, त्यांची पाच वक्त होते म्हणून वाढत नाही. 13-14 व्या आयती याला अल्लाहच्या हद्दी म्हणतात, आणि त्या ओलांडणाऱ्याला आगीची ताकीद देतात.

बहिणीने मनापासून सोडलं तर ते चालतं. पण ‘नातं तुटेल’ या भीतीपोटी केलेली सही मनापासूनची नसते. मुफ्तींचा यावर चांगला सल्ला आहे: आधी हिस्सा ठरवून ताब्यात घ्या, मग द्यावासा वाटला तर बक्षीस द्या. तेव्हाच कळतं किती खुशी आहे. कायद्याने 1937 चा शरियत कायदा हेच वाटे मानतो, मात्र त्याच्या कलमातून शेतजमीन वगळलेली आहे. गावाकडे जमीन असेल तर तिचं वकिलाला वेगळं विचारा, आणि वकील भाईजानचा नको, तुमचा. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की ते फिरवणं फार अवघड जातं. भाऊ पैसे एकदम देऊ शकत नसतील तर रक्कम आणि हप्ते लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. कुरआनातली सर्वांत लांब आयत, बकराची 282 वी, उधारी लिहून ठेवण्यावरच आहे.

आणि अम्मींचा आठवा हिस्सा. त्या भाईजानकडे राहतात म्हणून तो त्यांच्यात जमा धरला जातो, घरोघरी हेच होतं. तो अम्मींचा आहे, त्यांच्या नावावर वेगळा पडायला हवा. त्यांच्यापुढे कागद ठेवला जाईल तेव्हा तुम्ही किंवा बहीण तिथे हजर राहा, आणि सहीआधी त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवायला लावा.